आठ दस्ते, नळी एकही नाही

सॉरेल क्रीक, पूर्व टेक्सास
शुक्रवार, दुसऱ्या कॉफीची वेळ

आदरणीय ओलेटावन्सं यांना वर्लीनचा नमस्कार. वाकून केला असता, पण वाकले तर उठवायला घरात कोणी नाही, तेव्हा बसल्या जागेवरून केलेला गोड मानून घ्या.

मी बरी आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात तुम्ही गुडघ्यांवर दोन पानं लिहिली होती (उजव्यावर दीड, डाव्यावर अर्धं), त्यामुळे आता मला माझ्या शेजाऱ्यांपेक्षा तुमचे गुडघे जास्त ओळखीचे झाले आहेत. गोळ्या वेळेवर घेत जा. मिसिसिपीची हवा दमट असते असं तुमचे भाऊ म्हणायचे, पण ते तिथे एकदाच गेले होते आणि तेव्हा पाऊस होता. तुमच्या लेकीला, मर्नाला, आशीर्वाद, जावईबापूंना आशीर्वाद, आणि मर्नाला सांगा की मी पाठवलेला स्वेटर कुत्र्यासाठी नव्हता. फोटोत दिसला.

फोन न करता पत्र का, असं तुमच्या मनात आलं असेल. तुमच्या फोनवर मर्ना कान लावून बसते, आणि मर्ना जे ऐकते ते जेवायच्या आत माझ्या जनेलला डॅलसला पोचतं. आणि हे जनेलला पोचता कामा नये. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मधेच सुटली, तेव्हा अक्षर लावून घ्या आणि वाचून झालं की कागद चुलीत घाला.

गोष्ट रानडुकरांची आहे. ऑगस्टात पहिली टोळी आली, एकवीस डुकरं. मी मोजली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. माझ्या रताळ्यांच्या पहिल्या चार ओळी त्यांनी अशा उलथल्या की रस्त्याच्या खात्याच्या माणसांनी येऊन शिकून जावं. मी तुमच्या भावाची, हॉइटची, जुनी बंदूक काढली. तिचा धक्का तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्या थोरल्या मामांचा दात तिनंच पाडला. माझ्या खांद्याचं गेल्या वर्षी ऑपरेशन झालंय. मी एक गोळी झाडली. ती कपडे वाळत घालायच्या खांबाला लागली. डुकरं वीस पावलं पळाली, वळून पाहिलं, आणि परत येऊन पाचव्या ओळीला लागली. मी मात्र पायरीवर बसलेली होते आणि कशी बसले ते मला आठवत नव्हतं. (सापळाही लावून पाहिला. त्यात आमच्या पाद्री ब्रदर लोनींचा कुत्रा सापडला. दोनदा. दुसऱ्या वेळी तो आपणहून गेला असावा, आत मका होता.)

थांबा, जरा मागच्या दारातून बघून येते.

आले. तर जनेल. ती रोज सकाळी सात वाजता फोन करते, मी मेले की काय ते पाहायला. पायरीवर बसल्याचं माझ्या तोंडून निसटलं आणि तिनं धरलं. म्हणाली, "आई, एकोणऐंशी वर्षांच्या बाईनं डुकरांशी भांडायचं नसतं." मी म्हटलं, "मग कोणाशी भांडू? तू सव्वाशे मैलांवर जाऊन बसलीस." तर तिनं तिकडे एक घर पाहूनच ठेवलं होतं. म्हाताऱ्यांची इमारत आहे, लिफ्ट आहे, बिंगो आहे, आणि गॅलरीत टोमॅटोची एक कुंडी ठेवायला परवानगी आहे. एकच. शेवटी आमचं असं ठरलं: ती दरवर्षी रताळी खणायला येते तशी येईल. उरलेल्या ओळी भरलेल्या निघाल्या, तर ती त्या इमारतीचं नाव पुन्हा काढणार नाही. रिकाम्या निघाल्या, तर मी घराची किल्ली तिच्या हातात द्यायची आणि गाडीत बसायचं. आम्ही दोघींनी फोनवर शपथ घेतली. ती येणार आहे पुढच्या शनिवारी, म्हणजे उद्याच्या नाही, त्याच्या पुढच्या.

तेव्हा बंदूक हवी. एका वेळी एकवीस डुकरं येतात, त्यांना हलक्या धक्क्याची आणि एकामागून एक गोळी झाडता येईल अशी हवी, हे मला कळत होतं. म्हणून मी तुमच्या रॉइसकडे गेले. तुमच्या मुलाचं दुकान तुम्ही बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही. आता पुढे कोंबड्यांचं खाद्य, मधे घोड्यांचं जंताचं औषध आणि मागच्या भिंतीवर बंदुका असा क्रम आहे. त्यानं एक काळी बंदूक काढून माझ्या हातात दिली. हलकी, आणि मागचा दस्ता आतबाहेर सरकतो, त्यामुळे माझ्यासारख्या चार फूट अकरा इंचाच्या बाईलाही बसते. मला पहिल्यांदाच वाटलं की कोणीतरी बंदूक करताना उंच पुरुष सोडून आणखी कोणाचा विचार केला. रॉइस म्हणाला, "मामी, सुट्या भागांची आहे, पण तुम्ही भागांकडे बघू नका. पेटीतून काढायची, झाडायची. कारखान्यानं तपासलेली आहे." किंमत सांगितली तेव्हा मी बंदूक परत त्याच्या हातात दिली. "घरच्या म्हणून कमी लावलीय, मामी." "मग बाहेरच्यांकडून काय, जमीन लिहून घेतोस?" त्याचे कान लाल झाले. कान तुमच्यावर गेलेत.

मग त्यानं सरकारी कागद पुढे केला. त्यावर प्रश्न असतात. त्यातला एक असा की तुम्ही कायद्यापासून पळून जात आहात काय. मी म्हटलं, कायद्यापासून नाही, जनेलपासून. रॉइसनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "मामी, या कागदापाशी थट्टा करायची नसते." मी म्हटलं, मग त्यांनी असे प्रश्न विचारायचे नसतात. विचार करून सांगते म्हणून मी बाहेर पडले, आणि घेतली असती तिथेच तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती, पण माझ्या मागे खाद्याचं पोतं घेऊन डेल्बर्ट टॅकेट उभा होता.

डेल्बर्ट म्हणजे ओढ्यापलीकडचा, आमच्या चर्चचा डीकन, म्हणजे ब्रदर लोनींचा उजवा हात, ज्यानं तुमच्या भावाच्या शवपेटीला खांदा दिला आणि मग वर्षभर खांदा दुखतो म्हणून सांगत फिरला. तो माझ्या गाडीपर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "वर्लीनवहिनी, तुम्ही कधी फळांची पाई घरी न भाजता दुकानातून विकत आणून चर्चच्या जेवणात मांडली आहे का?" वन्सं, बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं त्यानं. मी म्हटलं, "तुझी बायको मांडते." "म्हणूनच विचारतोय," तो म्हणाला. त्याचं म्हणणं, अशी बंदूक विकत घेतात ती शहरातली माणसं. आपण ती घरी बांधायची, आपल्या खांद्याला, आपल्या हाताला लागेल तशी. त्यानं स्वतः अशा सहा बांधल्या आहेत. सहाही फार सुंदर आहेत असं तो सांगतो. एकही अजून शिकारीला नेलेली नाही, कारण एकही पुरी झालेली नाही.

आणि यात कायद्याची एक गंमत आहे ती मला त्या दिवशी कळली. या बंदुकीचा खालचा सांगाडा, ज्यावर नंबर कोरलेला असतो, तेवढीच कायद्यानं बंदूक. तो दुकानातूनच घ्यायचा, तोच कागद भरून. बाकी नळी, दस्ता, खटके, स्प्रिंगा, सगळं टपालानं दारात येतं, जसं तुमचं गुडघ्याचं मलम येतं. म्हणजे माणसाच्या फक्त कमरेला माणूस म्हणायचं आणि डोकं, हात, पाय टपालपेटीत टाकायचे. मी परत रॉइसकडे गेले आणि म्हटलं, मला नुसता सांगाडा दे. त्याचा चेहरा पडला. "अख्खी बंदूक नको, नुसती कंबर हवी? डेल्बर्टकाका बोलले ना तुमच्याशी?" मी म्हटलं, मी कोणाचं ऐकत नाही. (जनेलच्या मते माझ्यातला हाच दोष आहे, पण तिथे कामाला आला.) या वेळी मी तोंड न उघडता कागद भरला. रॉइसनं सांगाडा दिला आणि वर घोड्यांच्या औषधाची एक बाटली ठेवली, का ते त्यालाही सांगता आलं नाही. तो दुखावला की हाताला लागेल ते पिशवीत भरतो. तुम्हीच सवय लावलीत.

इथवर ठीक होतं. पण सांगाडा घरी आणल्यावर माझं मन पुन्हा मागे फिरलं. कॉफी घ्यायला उठले की वाटे विकत घ्यावी, कप धुवेपर्यंत वाटे बांधावी. उठले, बसले, दाराशी गेले, परत आले. या स्वयंपाकघराच्या फरशीवर आता माझी वाट पडली आहे. आणि त्या चलबिचलीत बुधवारच्या प्रार्थनेला मी ती चूक केली. ब्रदर लोनींनी नेहमीप्रमाणे विचारलं की कोणासाठी काय मागायचं आहे. एकीचं पित्ताशय झालं, एकाच्या मेव्हण्याची नोकरी झाली, आणि मी उभी राहून म्हटलं की माझ्यासाठी प्रार्थना करा, बंदूक बांधावी की विकत घ्यावी ते मला ठरवता येत नाही. ब्रदर लोनींनी डोळे मिटून देवाला सगळी हकीकत सांगितली, मी सांगितली होती त्यापेक्षा लांब, आणि मला वाटलं हे प्रकरण आता वरच्या हातात गेलं.

ते गेलं गावाच्या हातात. तुम्हाला आपली माणसं ठाऊक आहेत. कोणी मेलं, कोणाला मूल झालं, कोणाचं घर जळलं, की झाकलेलं भांडं घेऊन दारात उभी. गुरुवारी सकाळी सात वाजता, जनेलच्या फोनच्या आधी, पहिली गाडी आली. आमच्या गावात ज्यानं ज्यानं ही बंदूक घेतली, त्यानं त्यानं आठवड्याभरात तिचा दस्ता बदलला, जशा बायका नव्या घरात गेल्या की आधी पडदे बदलतात. जुने दस्ते सगळ्यांच्या गराजमध्ये डब्यांत पडून होते. ते सगळे माझ्याकडे आले. शनिवारपर्यंत आठ दस्ते, पाच मुठी, तीन दुर्बिणी (एकीची काच गेलेली), आणि गोफ्राँटच्या विधवेनं चिकन आणि भाताच्या भांड्यात, चंदेरी कागदात गुंडाळून, एक खटका ठेवून दिला, "त्यांचा होता, तुमच्या कामाला यावा." एक दस्ता गुलाबी आहे. नळी एकही नाही. चांगली नळी कोण काढून देतो?

आणि वन्सं, प्रत्येक वस्तूच्या बुडाशी चिकटपट्टी लावून नाव लिहिलेलं! जसं आपण भांड्याच्या बुडाशी लिहितो, जेवण झाल्यावर परत यावं म्हणून. सवयीनं लिहिलं असेल, पण लिहिलं. आता बुडाशी नाव असलेली वस्तू रिकामी परत करायची नाही, हे तुमच्या आईनं मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शिकवलं होतं. मी आठ दस्त्यांसाठी आठ केक भाजले. माझी भट्टी तीन दिवस विझली नाही. बरं, एकाचा दस्ता लावायचा तर बाकीचे सात परत, आणि रविवारी चर्चमध्ये सगळं गाव बघणार की वर्लीननं कोणाचा लावला. ब्रदर लोनींनी त्या रविवारी सगळ्यांनी हातभार लावण्याच्या मोलावर प्रवचन दिलं आणि पाच बाकांवरून माणसं माझ्याकडे वळून हसली. गोफ्राँटच्या विधवेनं डोळे पुसले. विकत घेतली तर सगळं गाव रुसणार, बांधली तर सात घरं आणि तुमचा मुलगा. मी मनात हिशेब केला तर गाव आणि सात घरं जवळजवळ तेवढीच.

पुन्हा उठले होते. बसवत नाही.

मंगळवारी दुपारी डेल्बर्ट आपली हत्यारं घेऊन आला. नळी त्यानं स्वतःच्या तिसऱ्या बंदुकीची काढून आणली होती, उसनी, तिच्याही बुडाशी पट्टी. माझ्या जेवणाच्या टेबलावर त्यानं टॉवेल अंथरला, चष्म्यावर चष्मा घातला आणि डॉक्टरसारखा माझ्याकडे हात पसरून वस्तू मागू लागला. मुठीपर्यंत सगळं बरं गेलं. मग एक पिन आणि तिच्यामागे एक स्प्रिंग, गव्हाच्या लोंबीच्या कुसाएवढी, बसवायची होती. डेल्बर्ट म्हणाला, "वहिनी, आता श्वास घेऊ नका." मी घेतला नाही. त्यानं घेतला. स्प्रिंग उडाली. कुठे गेली ते देवाला आणि ब्रदर लोनींना ठाऊक, आणि ब्रदर लोनी तेवढ्यात कुत्र्याला शोधत आलेच. मग डीकन आणि पाद्री दोघं माझ्या फरशीवर गुडघे टेकून. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर त्याचं मन भरून आलं असतं. ब्रदर लोनी शेगड्यांखाली लोहचुंबक फिरवत होते. त्यांना माझी हरवलेली सुई, दोन खिळे आणि सन एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचं पदक मिळालं. राजम्याच्या पातेल्यात पडली असेल म्हणून मी पातेलं गाळलं.

आणि अशा वेळी तुमचा रॉइस दारात. "डेल्बर्टकाका, ती स्प्रिंग माझ्याकडे पाकिटात मिळते."

"तुझ्याकडे सगळंच पाकिटात मिळतं," डेल्बर्ट टेबलाखालून म्हणाला.

"माझ्या बंदुका निदान झाडता येतात."

"झाडायला काय, लहान मूलही झाडतं. बांधायला माणूस लागतो."

"सहा बांधल्यात म्हणे. सगळ्या मिळून एक तरी होते का?"

डेल्बर्ट उठायला गेला आणि डोकं टेबलाला आपटलं, दस्त्यांची रास घरंगळली, आणि ब्रदर लोनी मध्ये पडून म्हणाले, बंधूंनो, आधी दस्ता कोणाचा लावायचा ते तर ठरवू. म्हणजे आगीत रॉकेल. रॉइस म्हणाला मामींच्या खांद्याला त्याच्याकडचाच बसेल, डेल्बर्ट म्हणाला गुलाबी लावला तरी चालेल पण दुकानातला नको, आणि मी त्या तिघांना आलटून पालटून शिव्या आणि केक देत होते. त्यांना घालवेपर्यंत सूर्य ओढ्यावर आला होता. बंदूक अर्धी टेबलावर, स्प्रिंग बेपत्ता.

तर वन्सं, अशी माझी दशा. विकत घ्यावी की बांधावी? तुम्ही वयानं मोठ्या, तुमचं मत कळवा. तुम्ही कधी मत द्यायला मागेपुढे पाहिलं नाहीत, माझ्या लग्नातही नाही. तब्येतीला जपा.

तुमची भावजय,
वर्लीन

ता.क. रॉइसला या पत्राबद्दल बोलू नका. त्याचे कान लगेच सांगतात.

ता.क. दुसरा. वर एवढं लिहिलं त्यात एक सांगायचं राहिलं. मंगळवारी ते तिघं माझ्या टेबलाखाली आणि टेबलावर भांडत होते तेव्हा मागच्या दाराकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, माझंही नाही. सूर्य ओढ्यावर आला तेव्हा डुकरं जात होती. सव्वीस. सगळ्या ओळी गेल्या, वन्सं. शेवटच्या वेलापर्यंत. मी आज सकाळपासून दाराशी जाऊन बघते आहे ती नुसती उकरलेली माती, आणि का बघते ते मला माहीत नाही. जनेलला रोज सात वाजता सांगते की पीक छान आहे.

ता.क. तिसरा, आणि यासाठीच पत्र लिहिलं. तुमच्या जावईबापूंची दीडशे एकर रताळी आहेत. मला वीस पेट्या हव्या, लाल सालीच्या, मध्यम. पेटीवर छाप नको. नीट धुऊन पाठवा, कारण तुमची माती काळी आहे आणि जनेल शेतकऱ्याची मुलगी आहे. इथली लाल माती मी लावीन. गुरुवारी दुपारपर्यंत ट्रक यायला हवा, कारण ती सगळी मला शनिवारच्या आत परत जमिनीत पुरायची आहेत. डेल्बर्ट आणि ब्रदर लोनी पुरायला येणार आहेत. दोघांनाही आपल्या हातून काय झालं ते कळलं आहे, आणि ब्रदर लोनी म्हणतात की लावणी हे काही खोटं बोलणं नव्हे.

ता.क. चौथा. आता तुमच्या मताची गरज नाही, मी ठरवलं आहे. गुरुवारी ट्रक आला, तर रॉइसची बंदूक घेईन, पेटीतली, पूर्ण किमतीत, आणि रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगेन की तुमच्या मुलाचं ऐकलं. नाही आला, तर बांधलेली पुरी करीन, गुलाबी दस्ता लावीन, आणि डॅलसच्या त्या गॅलरीत टोमॅटोशेजारी टांगून आल्यागेल्याला सांगेन की हॉइटच्या बहिणीनं वेळेवर वीस पेट्या रताळी पाठवली नाहीत.

ता.क. पाचवा. वीस नको, पंचवीस पाठवा. डुकरं गेलेली नाहीत, ओढ्याच्या अलीकडेच बसली आहेत.